बंदूक यंत्राची, बोट कुणाचे? सैन्यातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि इतिहासातले काही जुने धडे

१/ ३ जुलै १९८८. इराणच्या बंदर अब्बास विमानतळावरून दुबईकडे निघालेले ‘इराण एअर ६५५’ हे प्रवासी विमान उड्डाणानंतर सुमारे सातव्या मिनिटाला क्षेपणास्त्राने पाडले गेले. ते पाडले ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने. विमानातील सर्व २९० जण मरण पावले. त्यांत ६६ मुले होती आणि दहा भारतीयही होते. चौकशीत जे बाहेर आले ते फार विचित्र होते. नौकेवरील संगणकांनी त्या विमानाविषयी जी नोंद केली होती, ती बरोबर होती.

२/ आता पाच वर्षे मागे जाऊ. २६ सप्टेंबर १९८३ ची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मॉस्कोच्या दक्षिणेस असलेल्या सेर्पुखोव-१५ या गुप्त केंद्रात धोक्याची घंटा वाजली. अमेरिकेने सोव्हिएत संघावर क्षेपणास्त्र डागले आहे, असे उपग्रहप्रणाली सांगत होती. पाठोपाठ आणखी चार. येथे संगणक चुकत होते आणि त्यांच्यासमोर बसलेल्या एका अधिकाऱ्याने ते ओळखले.

३/ मित्रहो, सैन्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणावी की नाही, हा वाद आज जोरात आहे. एक पक्ष म्हणतो, यंत्र थकत नाही, घाबरत नाही, सूड उगवत नाही. दुसरा म्हणतो, जीव घेण्याचा निर्णय माणसाच्याच हाती हवा. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, आणि तसे का वाटते हे या दोन प्रसंगांवरून सांगण्याचा हा प्रयत्न आहे. थोडा लांबेल, सवडीने वाचा.

४/ प्रथम व्हिन्सेन्स. इराण-इराक युद्धाचे ते अखेरचे पर्व. तेलवाहू जहाजांच्या रक्षणासाठी अमेरिकी नौदल पर्शियन आखातात उतरले होते. व्हिन्सेन्सवर ‘एजिस’ ही त्या काळातील सर्वांत प्रगत यंत्रणा होती. शेकडो लक्ष्ये एकाच वेळी टिपावीत, त्यांना क्रमांक द्यावेत, धोका जोखावा आणि प्रत्युत्तरासाठी क्षेपणास्त्र सज्ज ठेवावे, अशी तिची रचना. आजच्या अर्थाने ती कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे. पण माणूस आणि स्वयंचलित यंत्र यांचे युद्धातील नाते कसे असते, हे पाहण्यास तिच्यासारखे दुसरे उदाहरण नाही.

५/ त्या सकाळी व्हिन्सेन्सची इराणच्या लहान सशस्त्र बोटींशी चकमक चालू होती. नौका वेगाने वळणे घेत होती, तोफा धडधडत होत्या. अशा वेळी बंदर अब्बासहून एक विमान उडाल्याचे दिसले. त्या विमानतळाचा वापर नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांसाठी होई. इराणकडे शाहच्या काळात अमेरिकेनेच विकलेली एफ-१४ लढाऊ विमाने होती. उडालेले विमान त्यांपैकीच असावे, अशी शंका प्रथम एकाने बोलून दाखवली आणि थोड्याच वेळात ती साऱ्या कक्षाची समजूत झाली.

६/ या समजुतीमागे एक ताजी जखम होती. मे १९८७ मध्ये याच आखातात ‘स्टार्क’ या अमेरिकी नौकेवर एका इराकी विमानाने दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रे सोडली होती आणि ३७ नौसैनिक ठार झाले होते. स्टार्कच्या कप्तानाने वेळेत बचाव केला नाही, असा ठपका ठेवण्यात आला. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. फरक इतकाच, की युद्धनौकेवरची सावधगिरी म्हणजे फुंकर नसते. ती क्षेपणास्त्र असते.

७/ ‘विमान खाली येत आहे, आपल्या रोखाने झेपावत आहे,’ असे कप्तान विल्यम रॉजर्स यांना सांगण्यात आले. एजिसच्या ध्वनिमुद्रित व अंकित नोंदी नंतर तपासल्या, तेव्हा विमान सतत वर चढत होते असे दिसले. त्याचा ओळखसंकेतही नागरी होता. कक्षातील माणसांनी तो लष्करी समजला. तळावरच्या दुसऱ्या एखाद्या विमानाचा संकेत चुकून याच्या नावे धरला गेला असावा, असा चौकशीचा कल होता.

८/ क्रमांकांचाही एक घोटाळा अभ्यासकांनी पुढे दाखवला. विमानाला प्रथम मिळालेला क्रमांक यंत्रणेने बदलला आणि जुना क्रमांक दूरवरच्या दुसऱ्याच एका विमानाला दिला. ते विमान खाली उतरत होते. कप्तानाने जुन्या क्रमांकाची चौकशी केली असेल, तर ‘खाली येत आहे’ हे उत्तर अक्षरशः खरे आणि तरीही सर्वस्वी चुकीचे ठरते. यंत्र खोटे बोलले नाही, ऐकणारा बहिरा नव्हता. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली दोरी मात्र तुटली होती.

९/ विमानाला अनेकदा बिनतारी इशारे दिले गेले. त्यांतील बरेचसे लष्करी आपत्कालीन वारंवारितेवर होते; प्रवासी विमानात ती ऐकण्याची सोयच नसते. जे नागरी वारंवारितेवर दिले, त्यांतूनही ‘हे आपल्यालाच उद्देशून आहे’ असे वैमानिकाला कळणे कठीण होते. प्रवासी विमानांचे वेळापत्रक नौकेवर होते, ते चाळलेही गेले. पण विमान २७ मिनिटे उशिरा निघाले होते आणि त्या धांदलीत त्याची नोंद कुणाच्या नजरेस पडली नाही.

१०/ जवळच असलेल्या ‘साइड्स’ या दुसऱ्या अमेरिकी नौकेच्या प्रमुखाला मात्र ते विमान धोक्याचे वाटले नव्हते. समुद्र तोच, आकाश तेच, विमानही तेच. फरक मनात काय बसले होते याचा होता. चौकशीत सहभागी झालेल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर नेमके बोट ठेवले. आधी मनात एक कथा तयार होते, मग डोळे त्या कथेला जुळणारे तेवढेच पाहतात. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण विनोदाने वापरतो. त्या दिवशी ती आखाताच्या पाण्यावर खरी झाली.

११/ आता कुणी म्हणेल, ‘मग तर यंत्राच्याच हाती निर्णय द्यावा! संगणक बरोबर होता, माणूस चुकला.’ हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजची एखादी प्रणाली विमानाचा वेग, उंची, चढती दिशा, ठरलेला हवाई मार्ग आणि वेळापत्रकातला उशीर हे सारे क्षणात जुळवून ‘हे प्रवासी विमान असण्याची शक्यता मोठी’ असे लाल अक्षरांत दाखवू शकेल. व्हिन्सेन्सवर असे साधन असते, तर कदाचित २९० माणसे दुबईला सुखरूप उतरली असती. कृत्रिम बुद्धिमत्तेची सर्वांत मोठी संधी मला येथे दिसते. तिने मारणाऱ्याचा हात वेगवान करण्याऐवजी तो हात रोखावा.

१२/ पण दुसरा प्रसंग याच युक्तिवादाला आडवा येतो. सेर्पुखोव-१५ मध्ये त्या रात्री पाळीवर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव. ‘ओको’ म्हणजे डोळा, हे त्या उपग्रहप्रणालीचे नाव. ती नुकतीच, १९८२ मध्ये कामाला लागली होती. काळ अत्यंत तापलेला. तीनच आठवड्यांपूर्वी, १ सप्टेंबरला सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि २६९ जण मरण पावले होते. अमेरिका काहीतरी करील, या भीतीत सारे मॉस्को होते.

१३/ पेत्रोव यांनी पडद्यावरचा इशारा खोटा ठरवला आणि वरिष्ठांना तसे कळवले. कशाच्या आधारे? पहिले कारण: कुणी अणुयुद्ध सुरू करील ते पाच क्षेपणास्त्रांनी करणार नाही. दुसरे: जमिनीवरच्या रडारांनी दुजोरा दिला नव्हता. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: पेत्रोव अभियंते होते, या प्रणालीच्या जडणघडणीशी त्यांचा संबंध होता. तिच्या उणिवा त्यांना ठाऊक होत्या. म्हणून तिच्यावर अविश्वास दाखवण्याचे बळ त्यांच्यापाशी होते.

१४/ नंतर उलगडा झाला. उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाच्या डोळ्यात विशिष्ट कोनातून शिरला आणि प्रणालीने त्याला क्षेपणास्त्राची ज्वाला मानले. ज्यांनी ती घडवली, त्यांच्या कल्पनेत ही परिस्थिती आलीच नव्हती. यंत्राला जे शिकवले त्याच्या बाहेरचे जग समोर आले, की ते गोंधळत नाही, थबकत नाही. ते पूर्ण आत्मविश्वासाने चुकते. हा दोष आजच्या प्रणालींतही आहे.

१५/ पेत्रोव यांना या कामगिरीबद्दल बक्षीस मिळाले नाही. त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून त्यांना बोलणी मात्र बसली. दुसरीकडे व्हिन्सेन्सचे कप्तान रॉजर्स यांना १९९० मध्ये त्यांच्या सेवाकाळाबद्दल ‘लीजन ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळाला. अमेरिकेने १९९६ मध्ये मृतांच्या कुटुंबीयांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले; कायदेशीर दोष मात्र स्वीकारला नाही. संस्था कुणाला शाबासकी देते आणि कुणाचे कान पिळते, यावरून पुढच्या पाळीवरचा माणूस कसा वागेल हे ठरते. इतिहास वाचताना ही बाब सहसा नजरेतून सुटते.

१६/ आता तिसरा धडा, कारण वरील दोहोंत न बसणारी एक गोष्ट त्यात आहे. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातील धहरान. इराकचे स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या निवासावर आदळले आणि २८ जण ठार झाले. रक्षणासाठी ‘पॅट्रियट’ तोफखाना तैनात होता. त्याने एकही क्षेपणास्त्र सोडले नाही. कारण होते घड्याळ.

१७/ संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होता. एक-दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्णपणे लिहिता येत नाही; जसे दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहिताना ३ संपतच नाहीत. म्हणून शेपूट छाटावे लागे. प्रत्येक वेळी छाटलेला तुकडा नगण्य. पण तोफखाना सलग शंभरहून अधिक तास चालू राहिला आणि चूक साधारण एक-तृतीयांश सेकंदापर्यंत साचली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. रडार आकाशात जेथे पाहत होते, तेथे क्षेपणास्त्र नव्हतेच.

१८/ इस्रायलने या दोषाची सूचना दोन आठवडे आधी दिली होती. तुकड्यांना संदेश गेला, की यंत्रणा फार वेळ चालू ठेवू नये. ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे त्यात लिहिले नव्हते. दुरुस्त केलेली आज्ञावली धहरानला पोहोचली २६ फेब्रुवारीला. बैल गेला आणि झोपा केला! येथे यंत्रही दोषी आणि माणसेही. मात्र दोष रणांगणावरच्या माणसाचा नव्हता. तो मागे कार्यालयात बसलेल्या, संदिग्ध वाक्य लिहिणाऱ्यांचा होता.

१९/ बारा वर्षांनी, २३ मार्च २००३ रोजी, इराक युद्धात त्याच पॅट्रियटने ब्रिटनचे टोर्नेडो विमान शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले. दोन्ही वैमानिक मरण पावले. २ एप्रिलला अमेरिकी नौदलाचे एफ/ए-१८ पाडले गेले. त्याचाही वैमानिक गेला. चालक यंत्रासमोर बसलेलेच होते. पण हाती असलेला वेळ होता जेमतेम एक मिनिट, आणि शिकवण होती यंत्रावर भरवसा ठेवण्याची. माणूस हजर होता. त्याचा विवेक हजर राहील अशी व्यवस्था नव्हती.

२०/ येथे माझे मुख्य म्हणणे मांडतो. ‘निर्णयाच्या साखळीत माणूस असेल’ हे आश्वासन आज जवळपास प्रत्येक देश देतो. ते पुरेसे नाही. व्हिन्सेन्सवर माणूस होता, पॅट्रियटपाशीही होता. खरा प्रश्न असा: त्या माणसाजवळ विचाराला वेळ आहे का, यंत्राला ‘नाही’ म्हणण्याइतके त्याचे ज्ञान आहे का, आणि ‘नाही’ म्हटल्यावर त्याची नोकरी शाबूत राहील का? या तिन्हींची उत्तरे ‘होय’ नसतील, तर तो माणूस म्हणजे केवळ सहीचा शिक्का.

२१/ आता वर्तमानाकडे येऊ. संधी खोट्या नाहीत. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने सैन्य व रसद हलवण्याच्या नियोजनासाठी ‘डार्ट’ ही प्रणाली वापरली. कोणते जहाज कधी, कोणत्या बंदरातून, काय भरून निघावे, असे ते हिशेब. कृत्रिम बुद्धिमत्तेवर तीस वर्षांत केलेला खर्च या एका वापराने भरून निघाला, असे तेथील संरक्षण संशोधन संस्थेचे म्हणणे होते. गोळी न झाडता युद्धाचे पारडे झुकवणारे हे काम. सुरुंग शोधणे, विमानाचा कोणता भाग निकामी होणार हे आधी ओळखणे, सीमेवरच्या असंख्य तासांच्या चित्रीकरणातून संशयास्पद हालचाल वेगळी काढणे, ही सारी त्याच जातीची कामे.

२२/ अशा कामांत चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. एखादा ट्रक चुकीच्या डेपोत गेला, तर परत बोलावता येतो. सुटलेले क्षेपणास्त्र परत बोलावता येत नाही. म्हणून ‘सैन्यात कृत्रिम बुद्धिमत्ता हवी की नको’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. एकाच शब्दाखाली आपण स्वयंपाकघरातली सुरी आणि रणांगणातली तलवार कोंबत आहोत. चूक मागे घेता येते की नाही, ही पहिली चाळणी लावली तर निम्मा वाद तेथेच मिटेल.

२३/ उरलेला निम्मा मात्र कठीण आहे. २०१७ मध्ये अमेरिकेने ड्रोनचे चित्रीकरण तपासण्यासाठी ‘प्रोजेक्ट मेव्हन’ सुरू केला. हजारो गूगल कर्मचाऱ्यांनी त्यास विरोध केला आणि २०१८ मध्ये कंपनीने करार पुढे न वाढवण्याचे ठरवले. प्रकल्प मात्र थांबला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये संगणकावरील हवाई लढतीत एका प्रणालीने एफ-१६ च्या अनुभवी वैमानिकाला ५-० ने हरवले. लढत आभासी होती, माहिती निर्दोष पुरवलेली होती. तरी दिशा स्पष्ट झाली.

२४/ युक्रेनमध्ये ती दिशा प्रत्यक्षात आली. दोन्ही बाजू एकमेकांच्या ड्रोनचा संपर्क तोडतात. संपर्क तुटला की चालकाचा ताबा सुटतो; म्हणून शेवटच्या टप्प्यात ड्रोनने स्वतःच लक्ष्यावर नजर रोखून धडकावे, अशी रचना होऊ लागली. कुणी बैठकीत बसून ‘माणसाला बाजूला काढू’ असे ठरवले नाही. प्रतिस्पर्ध्याच्या डावाने माणूस आपोआप बाजूला पडत गेला. युद्धात नैतिक सीमारेषा बहुधा अशाच पुसल्या जातात, एकेक व्यावहारिक अडचण सोडवताना.

२५/ गाझातील युद्धाविषयी ‘+९७२’ या इस्रायली-पॅलेस्टिनी नियतकालिकाने एप्रिल २०२४ मध्ये वृत्त दिले, की संशयितांच्या याद्या करण्यासाठी ‘लॅव्हेंडर’ नावाची प्रणाली वापरली गेली आणि एकेका नावाच्या तपासणीस कधी कधी केवळ वीस सेकंद दिले गेले. इस्रायली सैन्याने हे फेटाळले. ही प्रणाली म्हणजे माहितीची पडताळणी करण्याचे साधन आहे, असे सांगितले. सत्य पुढे इतिहासकार ठरवतील. वादाचा गाभा मात्र तोच आहे: माणूस होता का, यापेक्षा त्याला किती वेळ होता.

२६/ यंत्राला फसवणे किती सोपे असते, याचे एक उदाहरण देतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी त्रिमितीय छपाईने एक खेळण्यातले कासव बनवले. त्याच्या पाठीवरची नक्षी अशी आखली होती, की चित्र ओळखणारी प्रणाली त्याला रायफल समजे. लहान मूलही हसेल अशी ही चूक. शत्रू मात्र हसणार नाही, तो ही नक्षी आपल्या रणगाड्यावर रंगवील किंवा तुमच्या रुग्णवाहिकेवर. शिवाय एका सैनिकाची चूक त्या सैनिकापुरती राहते. एका आज्ञावलीची चूक तिच्या हजार प्रतींत एकाच क्षणी होते.

२७/ आपल्या देशाचे काय? २०१८ मध्ये एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखालील कृती दलाने संरक्षण क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी शिफारशी केल्या. जुलै २०२२ मध्ये नवी दिल्लीत अशी ७५ उत्पादने सादर झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा प्रणालींची विश्वासार्हता तपासण्याची चौकटही जाहीर झाली. चीनसारखा शेजारी असताना भारताने हे तंत्रज्ञान टाळावे, असे मी म्हणणार नाही. ते भाबडेपणाचे ठरेल.

२८/ पण आपली भूमी सेर्पुखोवपेक्षा अधिक नाजूक आहे. अमेरिकेहून मॉस्कोला क्षेपणास्त्र पोहोचण्यास सुमारे अर्धा तास लागतो. भारत आणि पाकिस्तान यांच्यात काही मिनिटे. ९ मार्च २०२२ रोजी देखभालीच्या कामात आपल्याकडून एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नू येथे पडले. जीवितहानी झाली नाही. भारताने चूक मान्य केली आणि ऑगस्टमध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले. पलीकडच्यांनी त्या दिवशी उत्तर दिले नाही. पलीकडे सर्वाधिकार असलेले स्वयंचलित यंत्र असते, तर त्याने काय ‘गणित’ केले असते, याचा विचार प्रत्येकाने शांतपणे करावा.

२९/ आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वायत्त शस्त्रांवरील जिनीव्हातील चर्चेचे अध्यक्षपद २०१७ आणि २०१८ मध्ये भारताच्या अमनदीपसिंग गिल यांच्याकडे होते. त्या प्रक्रियेतून २०१९ मध्ये ११ मार्गदर्शक तत्त्वे मान्य झाली. शस्त्राच्या वापराची जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही, हे त्यांतले एक. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावरील ठरावास १५२ देशांनी पाठिंबा दिला तेव्हा विरोधी चार मतांत भारताचे मत होते. चर्चा जिनीव्हातच व्हावी, ही आपली भूमिका समजण्यासारखी आहे. पण ज्याने नियमांचा पाया घालण्यास मदत केली, त्याने घर बांधताना बाजूला उभे राहू नये, असे मला वाटते.

३०/ नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूतील लिमा येथे अमेरिका आणि चीनच्या राष्ट्राध्यक्षांनी एक गोष्ट मान्य केली: अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहील. एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन देश येथवर येऊ शकतात, तर दिल्ली आणि इस्लामाबादही येऊ शकतात. अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार या दोघांनी १९८८ मध्येच केला आहे आणि त्यानुसार दर १ जानेवारीला केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. वैर तसेच राहूनही करार पाळता येतो, हे आपल्याच इतिहासात आहे.

३१/ मग माझी मागणी काय? चार गोष्टी. एक, जी चूक मागे घेता येत नाही ती करण्याचा अधिकार यंत्राला नको. अण्वस्त्रांबाबत तर मुळीच नको. दोन, यंत्रापुढे बसणाऱ्याला ते कसे चुकते हेही शिकवावे, केवळ ते कसे चालते एवढे नव्हे. तीन, यंत्राचा सल्ला नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण असावे आणि प्रत्येक निर्णयाची नोंद तपासता यावी. चार, प्रत्येक प्रणालीमागे उत्तर देणारा एक नामनिर्देशित माणूस असावा. ‘संगणकाने सांगितले’ हे उत्तर लष्करी न्यायालयात चालता कामा नये.

३२/ यामुळे आपण शत्रूपेक्षा सेकंदभर मागे पडू, असा आक्षेप येईल. पडू, काही वेळा. पॅट्रियटसारख्या बचावाच्या यंत्रणेत, चाल करून येणारे क्षेपणास्त्र पाडताना, यंत्राला अधिक मोकळीक द्यावीच लागेल, हेही मी मान्य करतो. पण टोर्नेडोचे वैमानिक बचावाच्याच यंत्रणेने मारले, हे विसरून चालणार नाही. वेग हा युद्धातला एक गुण आहे. योग्य लक्ष्य ओळखणे हा त्याहून मोठा.

३३/ पेत्रोव २०१७ मध्ये वारले. आपण काही वीरकृत्य केले असे ते मानत नसत. आपण आपले काम केले, एवढेच ते सांगत. त्यांचे म्हणणे खरे मानले, तर आपली जबाबदारी वाढते. कारण मग तो चमत्कार नव्हता. वेळ, ज्ञान आणि शंका घेण्याचे धैर्य असलेला एक प्रशिक्षित माणूस योग्य जागी बसलेला होता. अशी जागा शिल्लक ठेवायची की नाही, हे आता आपल्या पिढीला ठरवायचे आहे.

३४/ या विषयात पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांनी एक करावे. पुढच्या वेळी ‘निर्णय माणूसच घेईल’ असे वाक्य वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा: किती वेळात, कोणत्या प्रशिक्षणाने, आणि नकार दिला तर काय? उत्तर न मिळाल्यास ते वाक्य म्हणजे नुसती सजावट समजा. मतभेद असतील तर अवश्य लिहा. विशेषतः ज्यांच्या घरी कुणी सैन्यात आहे, त्यांचे म्हणणे ऐकायला आवडेल. पुढील धाग्यात १९७९ आणि १९८० मधील अमेरिकेच्या खोट्या अणुइशाऱ्यांविषयी. त्यांतील एकाचे कारण होते प्रशिक्षणासाठीची संगणकीय फीत, दुसऱ्याचे अर्ध्या डॉलरहूनही स्वस्त असा एक संगणकी सुटा भाग.